पहिल्या दिवशी अर्धा तास

पहिल्या दिवशी अर्धाच तास.
उत्तरेच्या भिंतीशी, लाकडं रचलीत तिथे,
बाकावर सात कुंड्या मांडल्या
आणि शेजारी मीही बसले, कोट न काढता.
डोंगरावर बर्फ होता अजून.
खाली नदी गढूळ, तट्ट फुगलेली.

नेत्रेस्क म्हणतो आम्ही याला.
छपरावर असला की वीज पडत नाही म्हणतात.
झोफ्काच्या घरावर पडली नाही, हे खरं.
ती गेली खाटेवर, साध्या तापानं.
घर घेतलं क्रानच्या एका दंतवैद्यानं;
त्याला छपराला पत्रा हवा होता, लाल.
कामगार यायच्या आदल्या दिवशी
शिडी लावून चढले मी, बहात्तराव्या वर्षी,
आणि पाव कापायच्या सुरीनं
शेवाळासकट सोडवून आणली
बहिणीची सात पिल्लं.

चाळीस हिवाळे उघड्यावर काढलेली ही जात,
हातभर बर्फाखाली मूठ आवळून.
माझ्या धुण्याच्या खोलीत एकच हिवाळा,
तर माना लांबवून खिडकीला लागलेली,
फिकट, सैल, मुठी उघड्या.
पाणीसुद्धा रोज घातलं मी.
मार्चमध्ये खडी मिसळून कुंड्या भरल्या,
आणि आता यांना ऊन शिकवायचं.
कुणी? तर मी.

मग एक तास. मग दोन.
मग सकाळचं कोवळं, पूर्वेच्या पायरीवर.
एका गुरुवारी श्टेफ्काच्या फोनवर अडकले
आणि ऊन वळसा घालून नेमकं तिथेच आलं.
कडेच्या कुंडीतलं एक पान भाजलं,
तपकिरी, कागदासारखं.
‘खुडू नकोस,’ झोफ्का म्हणाली असती,
‘गळेल आपसूक. तू आधी हात चोळणं थांबव.’

मेच्या पंधराला शेवटचा गारठा येतो.
तिचाच नावदिवस. हमखास पाऊस,
म्हणून गाव त्याला ‘मुतरी झोफ्का’ म्हणतं.
चर्चच्या दारातच कुणीतरी टोमणा मारायचं,
ती घरापर्यंत धुसफुसत यायची.

यंदाही आला. रात्री, तिरपा, बर्फाचा वास घेऊन.
मी टॉर्च घेऊन धावले
कुंड्या आत घ्यायला.
पहिली उचलली. उजेडात पाहिलं:
पानांच्या टोकांना लाली चढलेली,
छपरावर असायची तीच,
आणि मधली पानं एकमेकांना धरून
पुन्हा मूठ वळत होती.

ठेवली खाली.
सपाता भिजेपर्यंत उभी राहिले तिथेच.
मग आत आले, दार ओढून घेतलं.
कडी नाही लावली.