सात मिनिटांचं वाचन

माझी खोली लोखंडी, तारेला टांगलेली.
खाली नदी, वर मँगनीजची खाण,
मधे मी आणि सात मिनिटं.
एका फेरीत चार पानं होतात,
अक्षर मोठं असलं तर पाच.
तेव्हा माझ्या मतांवर फार विसंबू नका,
ती हलत्या पाळण्यात बनलेली आहेत.

पुस्तकं मी निवडत नाही. ती बाकाखाली राहून जातात,
छत्रीसारखी, एकट्या हातमोज्यासारखी.
आठवडाभर वाट बघते.
कुणी मागायला आलं नाही, तर माझी.

जनरलसाहेबांच्या आठवणी चारशे पानी निघाल्या.
दर प्रकरणात ते जिंकतात आणि ऊन पडलेलं असतं.
कुणाचे मोजे भिजत नाहीत.
माझा भाऊ तेमुर असल्याच एका मोहिमेवरून
दोन बोटं गमावून आला.
मी मागची नावांची सूचीसुद्धा पाहिली.
बोटं कुठेच नाहीत.
कागद मात्र जाड आहे. खिडकीच्या फटीत नीट बसला.

यशस्वी कसं व्हावं, तेही वाचलं.
पहाटे पाचला उठा म्हणतो. मी साडेचारला उठते.
उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस.
पुढे वाचलं नाही.

अंतराळातली गोष्ट.
बंद डब्यात राहून माणसं वेडी होतात, असं लेखकाचं म्हणणं.
सव्वीस वर्षं झाली, मला हसू आलं.
पण एका पानावर तो यानातला पोरगा
खिडकीशी अंगठा धरतो, आणि पृथ्वी झाकली जाते.
संध्याकाळी मीही धरला.
बाजार गेला, दवाखाना गेला, माझं घर,
दोरीवरच्या चादरींसकट.
पटकन हात खाली घेतला.
हे पुस्तक मी कुणाला देणार नाही.

प्रेमकथा मला चालत नाहीत.
हिच्यात तर दर तिसऱ्या पानावर
त्याचे डोळे समुद्रासारखे.
आमच्यापैकी निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नाही,
आणि ज्यांनी पाहिला, ते म्हणतात मळकट आहे.
पण फेब्रुवारीत वीज गेली,
नदीच्या बरोबर वर, धुक्यात, नऊ माणसं.
नाझिब्रोलाचं बाळ रडायला लागलं, मग तिची सासू.
हातात तेवढंच पुस्तक होतं. मोठ्याने वाचलं.
"तिने पत्र लिहू नये," सेवेरियान म्हणाला,
काळ्या नखांचा, तीस वर्षं जमिनीखाली काढलेला.
"का लिहू नये?" सासूबाई रडायच्या थांबल्या.
भांडण जुंपलं. वीज आली ते कळलंच नाही.
वरच्या स्थानकात दार उघडलं, कुणी उठेना.
"लामारा, तेवढं प्रकरण संपव."
पुस्तक वाईटच आहे. मत मी बदललेलं नाही.

आता रहस्यकथा.
खून पहिल्याच पानावर, तोही पाद्र्याचा.
मी दार उघडायला विसरले, गुरामने आतून थापा मारल्या:
"आधी आम्हाला सोड, मग धर तुझ्या खुन्याला!"
आणि शेवटची अकरा पानं नाहीत.
खरा गुन्हा हा.
चढणाऱ्या उतरणाऱ्या सगळ्यांची साक्ष काढली,
प्रत्येकाला सात मिनिटं.
माळी, म्हणाले काही. पाद्र्यानेच, म्हणाला एक.
माझा संशय विधवेवर. ती चहात दोनदा साखर घालते,
आणि ते बहुतेक लेखकाच्याही लक्षात नाही.

परवा खालच्या स्थानकात त्सियालाकडून
सूर्यफुलाच्या बिया घेतल्या. पुडी उलगडली तर
पान दोनशे बारा, तेलकट:
"विधवेने कप खाली ठेवला आणि"

त्सियाला म्हणते, रद्दी किलोवर येते,
कुठलं पान कुठे गेलं, देव जाणे.
मला बिया आवडत नाहीत. दातात अडकतात.
रोज दोन पुड्या घेते.
आजची एक कोऱ्या वहीची निघाली,
दुसरी जुन्या पेपरातला हवेचा अंदाज.
वाचला.
वाईट नाही. शेवट जरा घाईत उरकलाय.