कडू तेल

दौलतगंजच्या तेलघाणीवर पहिल्यांदा गेले
तेव्हा गल्ल्यावरच्याने विचारलं, "कड़ुआ ना?"
मी मिरजेची. म्हटलं, नको बाई, गोडं द्या.
बाई म्हटल्यावर तो हसला,
गोडं म्हटल्यावर त्याचा मुलगाही.
किटली रिकामीच घरी आली.

रामश्री भदौरियानं भिंतीपलीकडून शिकवलं:
धूर निघू दे. धूर निघेपर्यंत हात आवर.
मग उतरव, दम घे, मग जिरं.
मी वांगी आधीच टाकून बसले होते.
रात्री कुणी बोललं नाही,
पानांतली वांगी तेवढी भाताखाली गेली.

कडू म्हणतात, पण ते कडू नव्हतंच.
कडू कारलं असतं, किराइताचा काढा असतो.
हे थेट नाकात चढायचं
आणि डोळे भरून आणायचं.
त्या आडोशाला पहिल्या वर्षी
मी पुष्कळ रडून घेतलं.

पुढे कधी ते माझं झालं, सांगता येत नाही.
बाळाची टाळू त्यानंच भरली.
लसूण जाळून दोन थेंब कानात,
शनिवारी पिंपळाखालची पणती,
कैरीच्या फोडींवर चार बोटं,
झोपाळ्याची कडी कुरकुरली तर कोंबडीच्या पिसानं.
एकदा सासऱ्यांच्या भेगाळल्या टाचांना लावायला बसले.
त्यांनी पाय मागे घेतला.
मग वर्तमानपत्र तोंडासमोर धरून
हळूच पुढे सरकवला.

आणि त्याच तेलात मोहरीची फोडणी घालताना
अजून मला हसू येतं:
अगं, माहेरातच तर पडलीस,
तडतडतेस कशाला एवढी?

यंदा पौषात अक्का आली मिरजेहून.
दारातच नाकाला पदर.
"तुझ्या केसांनासुद्धा येतोय गं!"
मी वेणी पुढे ओढून हुंगली.
मला काहीच येईना.

तिसऱ्या दिवशी असं धुकं पडलं
की किल्ला होता तिथे नुसतं पांढरं.
अक्का रजईत, गुडघे पोटाशी.
मी वाटीत तेल घेतलं, ओवा, चार मेथ्या,
शेगडीवर कोमट केलं, चोळायला बसले.
वास दाटला तशी उठले
खिडकी उघडायला.

"राहू दे," अक्का म्हणाली, "गार येईल."
आणि पातळ जरा वर घेऊन
दुसराही गुडघा पुढे केला.