मुद्देमाल

जिंतूर ठाण्याच्या मागं, लिंबाखाली
माझी गाडी उभी आहे.
माझी म्हणायचं की नाही
त्याची तारीख पुढच्या महिन्याच्या सोळाला आहे.

पांढरी अल्टो. डाव्या दाराला पोचा.
मागच्या काचेवर स्टिकर : कीर्ती.
रफार कधीच निघून गेलाय,
नुसतं ‘कीती’ उरलंय
मागून येणाऱ्याला भाव विचारल्यासारखं.

परभणीला, वसमत रोडच्या शेडमध्ये
कैलास लोहगावकरनं बोनेट उघडून दाखवलं.
मी नर्सबाई. सवयीनं विचारलं,
वय किती, आधी काय काय झालंय?
तो हसला. एक पंच्याऐंशी म्हणाला.
दीड फंडातून काढले, वरचे भिशीचे.
नमुना एकोणतीस, दोन प्रती. नमुना तीस.
सही : डिगांबर लिंबाजी गायके, निळ्या शाईत.
खाली तारीख, एकवीस मार्च.
आरसी महिन्याभरात नावावर होईल म्हणाला.
किल्ली हातात आली
की माणूस कागद वाचत नाही.

सात महिने चालवली.
मागच्या सीटवर लसीचा डबा, पट्ट्यानं बांधलेला.
एकदा फाट्यावर, त्याच सीटवर,
एक मुलगी जन्मली.
जन्मस्थळाच्या रकान्यात मी लिहिलं : रस्त्यात.
गाडीसाठी वेगळा रकाना नव्हता.

मग पोलिओचा रविवार.
शाळेपुढं गाडी लावली
आणि सात-आठ वर्षांची एक पोर
काचेवर बोट फिरवत राहिली, हरवलेल्या रफारावरून.
म्हणाली, “ही आमची हाय.”
मागं तिची आई उभी. चंद्रकला.
बोलली काहीच नाही. चेहरा बघून मला कळलं
मी कुणाच्या दारात, कशावर बसून आलेय.

गाव त्याला डिगू मिस्त्री म्हणायचं.
पूर्ण नाव मी एकदाच लिहिलं होतं, आणि विसरले होते.

दीर म्हणतो, भावानंच विकली, जिवंतपणी,
मग चोवीस मार्चला गेला.
चंद्रकला म्हणते, तेरालाच गेले.
मृत्यूचा दाखला कुणी काढलेलाच नाही.
जमादार इनामदारांनी पंचनामा केला,
चेसिस नंबर पेन्सिलीनं कागदावर घासून घेतला,
“ताई, तुमची काही चूक नाही,” म्हणाले,
आणि किल्ली पाकिटात घालून लाख लावली.

वकील म्हणाले, सोपं आहे.
तेरा तारीख सिद्ध त्यांना करावी लागंल.
नाही झाली तर सही खरी, गाडी तुमची.
तुम्ही फक्त गप्प बसा.
मी म्हटलं, मला आठवतंय हो.
म्हणाले, आठवण म्हणजे पुरावा नव्हे.

सोमवारी उपकेंद्राचं कपाट उघडलं.
जुनी नोंदवही, कोपरे वाळवीनं खाल्लेले.
तेरा मार्च. पुरुष. वय एक्केचाळीस.
छातीत दुखून. घरी. पहाटे चार.
अक्षर माझं.

त्या पहाटे अंगणात
ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं.
मी जरा चिडूनच विचारलं होतं,
दारात गाडी असून परभणीला का नाही नेलं?
तेव्हा ती म्हणाली होती,
“चालवणारा त्योच व्हता, माय.”

मंगळवारी ठाण्यात जाते.
इनामदार बघून न बघितल्यासारखं करतात,
मी टपावरचा पाला झाडते.
वायपरमध्ये लिंबोळ्या अडकल्यात,
पुढचं एक टायर बसलंय.
काचेतून दिसतो सीटवरचा डाग,
त्या फाट्यावरच्या मुलीचा,
कितीही घासला तरी न गेलेला.
हप्ता पगारातून कटतोच आहे.

आज वही पिशवीत घेऊन आले.
वकिलाला सांगितलं नाही.
“काय जमा करायचंय?” इनामदारांनी विचारलं.
पोचीसाठी कोरा कागद पुढं केला.
मी बराच वेळ पेन धरून बसले.
मग आधी तारीख घातली, आजची.
मग सही.