पिवळा अंगठा

सांगलीच्या यार्डात सौदे आटोपले
की बाबगोंडा पोतं झटकून अंथरतो,
शामू बंडगर पानं पिसतो.
मेंढीकोट, वखारीच्या दिव्याखाली.
इलाहीभाई माझे भिडू,
हुकूम उघडला तरी
फक्त मिशी हलते.

जुन्या कॅटात चौकटच्या दश्शीला
पाठीवर हळदीचा अंगठा होता.
कुणाचा, कोण सांगणार?
बोटं चौघांचीही पिवळीच.
ती कुणाच्या हातात आहे
चौघांनाही दिसायचं,
अन् चौघंही
छपराकडं बघत पान टाकायचे.
अकरा वर्षं.

दिवाळीत बाबगोंडाच्या जावयानं
प्लास्टिकचा कॅट आणला, गुळगुळीत,
धुता येणारा.
त्या रात्री पहिल्यांदा
शामूनं माझ्या पानांत डोकावून बघितलं.
मीही त्याच्या.
एका कोटावरून वाजलं,
चहा तसाच निवला.

फाल्गुनात नवी हळद आली.
परवा वाटता वाटता इलाहीभाईंनी
बदामची सत्ती
पालथी धरली दिव्याशी.
शामूनं पुसायला बाही पुढं केली.

"असू दे," म्हणाले.

हंगामभरात
एवढंच बोलले.