मागच्या गाडीत कोण आहे

वेंगुर्ल्यात इनास पिंटोने पैसे दोनदा मोजले,
मग चावी लावून दिली आणि म्हणाला,
"काढू नको हां गो, लावनच ठेव.
काढलंस तर ष्टेरिंग लॉक होतला."
इंजिन जाम, पण पाटे नवे, हौदा शाबूत,
फटींत मीठ आणि बांगड्यांचा वास.
मला हर्णैला बर्फ वाहायला एवढी पुरे.

परकारचाचांचा ट्रक लष्कराच्या लिलावातला.
हिरव्यावर निळ्याचे दोन हात मारले,
तरी तिरपं ऊन पडलं की बंपरवर
जुन्या नंबराआधीचा बाण
वर टोक करून उमटतोच.
मागचा हुक तोफ ओढायला केलेला.
त्यात कुडाळच्या वेल्डरची दांडी अडकवली.
ट्रक उंच, पिकअप ठेंगणी,
दांडी तिरकी, हात धरून चालवलेल्या पोरासारखी.

चाचा खाली शिरले. शाफ्ट सोडवला,
गोणपाटात गुंडाळून हौद्यात निजवला.
"नायतर गिअरबॉक्स जळंल वाटंत."
मग आरशाकडे बोट केलं:
"या ट्रकाला मागं काय लावलंय ते कळत नाही.
कळायचं काम तुझं."

तीस. फार तर पस्तीस.
समुद्र माझ्याच बाजूला होता,
पण मी पाहिला तो आरशाच्या कडेला उरला तेवढाच.
डाव्या वळणावर ती मला दिसे,
उजव्या वळणावर चाचांना.
सरळ रस्त्यावर कोणालाच नाही.
देवगडच्या सड्यावर रस्ता इतका सरळ
की मी दोनदा म्हटलं, थांबवा,
आणि उतरून हात लावून आले.

आणि दिसे तेव्हा काय दिसे:
रिकाम्या सीटपुढे स्टिअरिंग फिरतंय,
ना घाई, ना चूक,
वळण संपलं की परत जागेवर.

रत्नागिरीच्या अलीकडे पोलिसाने शिट्टी मारली.
"मागच्या गाडीत कोण आहे?"
"कोणी नाही."
"मग वळवतं कोण?"
चाचा जरा थांबले. "वळणच वळवतं, साहेब."
त्याने वहीत काहीतरी लिहिलं. काय ते कळलं नाही.

जयगडला फेरीबोटवाला म्हणाला, उलटी घ्या.
चाचांनी हातभर मागे घेतली
आणि दांडी दुमडली, चाकं भलतीकडे तोंड करून उभी.
ओढत आणलेलं मागे ढकलता येत नाही
हे आम्हाला तिथे, सगळ्यांच्या हॉर्नसमोर कळलं.
हुक सोडला. मी पिकअपमध्ये बसले, पहिल्यांदाच.
टेम्पोचा क्लीनर, दोन पोरं कॉलेजची,
आणि एक बाई, डोक्यावरची पाटी खाली ठेवून,
अशी चौघं ढकलायला.
उतारावर ती सुटली.
ब्रेक दाबला तर पायाखाली जांभा.
दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला
आणि बोटीच्या फळीवर, पाण्यापासून वीतभर, ती उभी राहिली.
बाईने पाटी उचलली. म्हणाली, "आता बस, नाहीतर पडशील."

बोटीत दोघी शेजारी शेजारी.
मी सनशेड खाली केला.
पेन्सिलीने इनासची उधारी:
रोझाबाय दोन टोपल्या, बाबल्या बर्फ, बाबल्या बर्फ,
एक नाव खोडून परत लिहिलेलं.
मीटर एक लाख शहाऐंशी हजार चारशे बारा.

दाभोळच्या बोटीवर मात्र आम्ही शहाणे होतो,
आधीच सोडून घेतलं.

हर्णैला पोचलो तेव्हा लिलाव उठून गेला होता,
वाळूवर नुसते खवले आणि कुत्री.
चाचा चाकाला टेकून विडी ओढत राहिले,
हात अजून थरथरत, इंजिन बंद होऊनही.

रात्री इनासचा फोन.
"पोचलंस? मीटर किती झालो?"
मी काडी पेटवून पाहिलं. तोच आकडा.
"तू सोडलास तिथेच आहे," म्हटलं.
तो बराच वेळ बोलला नाही.
त्याच्या मागे कोणीतरी नळ बंद केला.
"बरां," म्हणाला.

मग मी चावी काढली.
स्टिअरिंग जरासं डावीकडे गेलं
आणि कट् करून थांबलं.