बरोबरच्या दोन रेघा

रोसाउरा पिलाताक्सी बाईंनी वर्गात चादर ताणली.
चार कोपरे चौघांच्या मुठीत,
मधोमध चिंबोरासोच्या उतारावरचा दगड.
कडेने गोटी सोडली, ती गरगरत दगडाला भिडली.
"बघा, वस्तुमान असं वाकवतं सगळं."

मी बर्फ तोडणाऱ्याचा पोरगा,
घसरण्यातलं मला थोडं कळायचं.
"पण बाई, चादरीवरच्या गोटीला
खाली कोण ओढतंय?"
बाईंनी चादरीची घडी घातली.
ती पुन्हा कधी उलगडली नाही.

दुसऱ्या दिवशी काखेत भोपळा.
त्याच्या पोटावर खडूच्या दोन मुंग्या,
शेजारी शेजारी, देठाकडे तोंड करून,
दोघीही अगदी नाकासमोर चालणाऱ्या.
कुणी वळलं नाही, कुणी ओढलं नाही,
तरी देठापाशी टक्कर.
"ओढ नव्हतीच रे. भोपळा गोल होता, एवढंच."
(तो भोपळा रविवारी बाईंच्याच घरी शिजला,
खडूसकट, असं त्यांची बहीण सांगते.)

"आणि नुसती जागा वाकत नाही, काळही वाकतो.
आपल्याला पाडतो तो मुख्यतः काळच.
तुझा बाप शुक्रवारी दोन गाढवं घेऊन वर जातो ना,
तिथे घड्याळ किंचित भरभर चालतं,
खाली रिओबांबाच्या बाजारात किंचित सावकाश.
जे मोकळं सुटतं, ते चालतं नाकासमोरच,
पण त्याची वाट सावकाश काळाकडे कलते.
त्या कलण्याला आपण पडणं म्हणतो."

एकदा बापाच्या हातून लादी निसटली.
हवेत होती तोवर तिला वजन नव्हतं.
वजन होतं ते बापाला,
ज्याच्या तळव्यांना डोंगर खालून रेटत होता,
आणि जो गवतात गुंडाळलेल्या उरलेल्या लाद्या मोजत
शिव्या देत होता.

"पण वस्तुमानालाच हे का जमतं?"
बाईंनी फळ्याच्या उजवीकडे लिहिलं:
दगड, बर्फ, ऊब, उजेड, दाब,
जे जे आहे ते सगळं.
डावीकडे एकच शब्द: वाक.
मध्ये बरोबरच्या दोन आडव्या रेघा.
"हे बरोबर आहे, एवढं तपासून झालंय.
ताऱ्यांवर, घड्याळांवर, पुन्हा पुन्हा.
का बरोबर आहे म्हणशील,
तर या दोन रेघांमधल्या फटीत
अजून कुणाचं बोट शिरलेलं नाही."
मग हात झटकले. खडू बराच वेळ
उन्हाच्या तिरिपेत खाली येत राहिला.

परवा मी हिशोब मांडला.
तीस वर्षांचे शुक्रवार, वरची उंची, खालचं गाव:
बाप आमच्यापेक्षा जास्त म्हातारा झाला तो किती,
तर पापणी लवते त्याच्या हजाराव्या भागाइतकाही नाही.
त्याला सांगितलं.
तो सुरीला धार लावत होता, थांबला.
"म्हणजे झालोच ना?" म्हणाला.
"मग बर्फाचा भाव तेवढा वाढवून
मागायला हवा होता."