वजाबाकी

"सात नंबरचं आयर्न किती लांब जातं?"
दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारतो,
आणि उत्तरातून मनातल्या मनात वीस यार्ड वजा करतो.
पाद्री असला तर पंधरा.

हेक्टर गेडिसने एकशे सत्तर सांगितलं.
तीस वर्षं उत्तर समुद्रात, तेलाच्या फलाटावर
क्रेन चालवलेला माणूस, पंजे वल्ह्यांसारखे.
त्याला हवी होती ती पातळ, घडीव पोलादाची,
दाढी करता येईल असल्या पात्याची आयर्न.
थोरला भाऊ वापरायचा तसली.

म्हटलं, हेक्टर, या पात्यात मधोमध एक जागा आहे,
शर्टाच्या बटणाएवढी.
तिथे चेंडू बसला तर हाताला पत्ताही लागत नाही.
बोटभर चुकला
तर जानेवारीत नांगराची साखळी उघड्या हाताने धरावी
तसं कोपरापर्यंत झणझणतं.
हे घे, रुंद तळाचं, पाठीमागे पोकळ.
हे चुका पोटात घालतं.

"चुका पोटात घालायला घरी बायको आहे," तो म्हणाला.

मग मी पात्याच्या तोंडावर कागद चिकटवला.
चेंडू लागेल तिथे त्यावर निळा डाग उमटतो.
जाळीत दहा मारायला लावले.
टाचेशी चार, टोकाला तीन,
दोन पार खालच्या कडेला,
एक मधोमध.
हेक्टर त्या एकाकडेच बघत राहिला.
"बघ," म्हणाला, "जमतंय की."
मी पैसे घेतले. दुकान आहे, चर्च नव्हे.

नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात;
आमच्या धंद्यात अंगण कधीकधी खरंच वाकडं असतं.
उंच माणसाच्या हातात क्लब आडवा पडतो,
टोक गवतात रुततं, चेंडू उजवीकडे पळतो.
मी तो शिकंज्यात धरून दोन अंश वाकवून देतो.
दोनच.
तिसरा अंश नाचणाऱ्याचा.

गुरुवारी एफी रिंटूल आली,
शाळेच्या स्वयंपाकघरातून थेट, केसांवर जाळी तशीच.
त्रेपन्नाव्या वर्षी खेळायला लागलेली.
"सात नंबरचं नव्वद जातं. वारा समोरून असला तर सत्तर.
आणि तीन नंबरचं मला उडवता येत नाही,
ते दाखवूच नकोस."
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
माझ्याकडे वजा करायला काही नव्हतं.

थैलीत चौदा चालतात. तिने सात घेतले,
हलक्या शाफ्टचे, दोन हायब्रिड त्यातच.
उरलेल्या जागेत काय ठेवशील, विचारलं.
"छत्री. आणि चीजचं सँडविच."

जाता जाता तिची नजर कोपऱ्यातल्या माझ्या थैलीवर गेली.
"ते कुठलं?"
दोन नंबरचं.
"शेवटचं नीट कधी लागलं?"
आठवलं ते असं:
बंदरावर तेव्हा बर्फाचा कारखाना चालू होता,
आणि माझी ही बोटं मुठीत मिटत होती.
"मग वागवतोस कशाला?"
म्हटलं, थैली कलू नये म्हणून.

ती हसली नाही.
काउंटरवरच्या गठ्ठ्यातला एक कागद काढून
तिने त्या पात्याच्या तोंडावर चिकटवला,
पोरांच्या डब्यांची झाकणं दाबावीत
तसा चारही कडांनी अंगठ्याने दाबला,
आणि गेली.

आज शनिवार. शटर खाली.
जाळी आहे, चेंडूंची बादली भरलेली आहे,
कागद कोरा.
समुद्रावरून वारा दाराच्या फटीत शिट्टी घालतोय.

दोन नंबरचं किती लांब जातं म्हणता?
दोनशे.
वजा तुम्ही करा.